पट्टा काढा, पुली फिरवा, मग एसी काढायचं ठरवा

नमस्कार काका,

आमची २००६ सालची वॅगन-आर आहे. सासऱ्यांनी घेतलेली, पण आता जास्त करून मीच चालवते. सासूबाईंना डोळ्यांच्या तपासणीला नेणं, मुलाचा क्लास, आणि वर्षातून तीन-चार वेळा ओंकारेश्वर. एप्रिलपासून इंजिन सुरू केलं की पुढून किर्र आवाज येतो. एसी बंद ठेवला तरी येतो. एकदा रबर जळल्याचा वासही आला. गल्लीतल्या मेकॅनिकनं कॉम्प्रेसर जाम झालाय असं सांगितलं आणि नवा कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी मिळून १८ हजार सांगितले. नाहीतर सगळा एसीच काढून टाकतो म्हणाला, गाडी हलकी होईल, ॲव्हरेज वाढेल. सासरे म्हणतात काढा, मालव्यात एसी लागतो कुणाला! दिरांचं सांवेर रोडला लहान वर्कशॉप आहे. ते म्हणतात कॉम्प्रेसर मला द्या, मोटर लावून हवेचा पंप करतो. यांचं म्हणणं, गाडी तू चालवतेस, तूच ठरव. काय करू?

— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘एसी बंद ठेवला तरी येतो.’ मेकॅनिकला तुम्ही हे सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर त्यानं ते कानाआड केलं, आणि सांगितलं नसेल तर आता आधी तेवढंच सांगा. १८ हजारांचा सगळा प्रश्न त्या वाक्यावर उभा आहे.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एक पुली असते. इंजिन चालू आहे तोवर पट्टा तिला फिरवतच असतो, मग एसी लावलेला असो की नसो. तुम्ही एसीचं बटण दाबता तेव्हा पुलीमागचं विजेचं चुंबक पुढची चकती ओढून धरतं. तो ‘टक’ आवाज तुम्ही ऐकला असेल. मग कुठे कॉम्प्रेसरच्या आतला दांडा फिरायला लागतो. बटण बंद असलं की पुली आपल्या बेअरिंगवर नुसती मोकळी फिरते, आतल्या दट्ट्यांशी तिचा काही संबंध नसतो. म्हणजे कॉम्प्रेसर आतून जाम असता, तर एसी लावल्याबरोबर पट्टा किंचाळला असता आणि बंद केल्याबरोबर गप्प झाला असता. तुमचा आवाज एसी बंद असतानाही येतो, म्हणून माझा पहिला संशय पुलीच्या बेअरिंगवर आहे. दुसरा संशय सैल किंवा झिजलेल्या पट्ट्यावर, तिसरा शेजारच्या अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, बेअरिंगवर. यातल्या एकासाठीही एसी उचकटावा लागत नाही.

तपासायला दहा मिनिटं लागतात. काम मेकॅनिककडूनच करून घ्या, पण तुम्ही शेजारी उभ्या राहा. इंजिन बंद, किल्ली काढून तुमच्या हातात, गाडी थंड. कॉम्प्रेसरचा पट्टा सैल करून उतरवायला सांगा. मग पुली बोटांनी गरकन फिरवून कान जवळ न्या. चांगलं बेअरिंग जवळजवळ आवाज करत नाही. गेलेलं बेअरिंग जात्यात खडे पडल्यासारखं खरखरतं, आणि पुली हातात धरून हलवली तर डगमगते. त्यानंतर पुलीच्या पुढची मधली चकती हातानं फिरवायची. ती थोडा जोर लावल्यावर फिरली, तर कॉम्प्रेसर आतून मोकळा आहे. अजिबात हलली नाही, तर मेकॅनिकचं बरोबर आहे, जाम झालाय. शेवटी पट्टा न चढवताच इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवायचं. किर्र थांबली की चोर त्याच पट्ट्यावर आहे. मात्र तोच पट्टा पाण्याच्या पंपालाही फिरवत असेल, तर अर्ध्या मिनिटाच्या वर एक सेकंदही इंजिन चालू ठेवू नका.

बेअरिंग निघालं तर ते वेगळं मिळतं, प्रेसवर बसवून मिळतं, आणि खर्च कॉम्प्रेसरच्या मानानं किरकोळ येतो. बहुतेक वेळा गॅसला हातही लावावा लागत नाही. पाइप जोडलेलेच ठेवून कॉम्प्रेसर जरा बाजूला घेतला की काम होतं. सियागंजात किंवा जिथे तुमचा मेकॅनिक सामान घेतो तिथे जुनं बेअरिंग नमुना म्हणून न्यायला सांगा, वरचा नंबर वाचून तसंच घ्या.

हे होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. रबराचा वास ही धमकी नाही, सुरुवात आहे. बेअरिंग पूर्ण अडकलं की पट्टा थांबलेल्या पुलीवर घासून तुटतो. त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर किंवा पाण्याचा पंप असेल, तर भररस्त्यात बॅटरी उतरेल नाहीतर इंजिन तापेल. बॉनेट उघडून बघा, पट्टा एकच आहे की एसीचा वेगळा. वेगळा असेल तर तो उतरवून ठेवला तरी गाडी बिनधास्त चालते. आजच्या आज फुकटात होणारं काम तेवढंच आहे.

आता समजा चकती हलली नाही आणि कॉम्प्रेसर खरंच आतून बसलाय. तेव्हाही १८ हजार देण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘सिस्टम धुणार का, आणि ड्रायर नवा टाकणार का?’ ड्रायर म्हणजे गॅसमधली ओल शोषून घेणारा डबा. कॉम्प्रेसर बसतो तेव्हा आतल्या धातूचा कीस वंगणाबरोबर कंडेन्सरच्या, म्हणजे पुढच्या जाळीमागे गॅस थंड करणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्यांत जाऊन बसतो. नुसता नवा कॉम्प्रेसर लावला, तर तो कीस फिरून त्याच्याच पोटात येतो आणि पुढच्या उन्हाळ्याला तुम्ही परत मला पत्र लिहाल. सिस्टम धुणं, नवा ड्रायर, जोडांमधल्या नव्या रबरी ओ-रिंगा, योग्य जातीचं आणि मोजून घातलेलं तेल, आणि गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंपानं आतली हवा आणि ओल ओढून घेणं, एवढं त्या बिलात असेल तरच ते बिल खरं. पैसे आत्ता नसतील तर घाई नको. कॉम्प्रेसरच्या क्लचची, म्हणजे त्या विजेच्या चुंबकाची, वायर काढून ठेवा, पट्टा वेगळा असेल तर तोही उतरवा, आणि बाकी सगळं आहे तसं बंद राहू द्या. गॅस आत राहतो, ओल आत जात नाही, आणि पैसे जमले की दुरुस्ती करता येते. काढलेला एसी परत बसवणं मात्र नव्यानं बसवण्याइतकंच महाग पडतं.

ॲव्हरेजचं थोडक्यात. सगळा एसी काढून उतरणारं वजन जेमतेम एका लहान मुलाइतकं. बंद असलेल्या एसीची पुली मोकळीच फिरते, तिला पेट्रोल जवळपास लागत नाही. टायरमध्ये हवा नीट ठेवलीत तर याहून जास्त वाचेल.

सासरेबुवांचं म्हणणं मी मनापासून समजतो. मीही त्याच पिढीचा. मालव्याच्या ज्या गार रात्रींना शब-ए-मालवा म्हणत, त्या आम्ही गच्चीवर झोपून अनुभवल्या आहेत, पहाटे गोधडी ओढावी लागायची. पण तुम्ही सासूबाईंना डॉक्टरांकडे नेता ते पहाटे नाही, दुपारी बारा-एकला. मे अखेरच्या नौतपाच्या उन्हात पलासियाच्या सिग्नलला बंद पत्र्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर तो उकाडा कसा येतो, ते त्यांच्या शेजारी बसून बघायला हवं. सरकारनंसुद्धा १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला आहे. ए. बी. रोडवरून रात्रंदिवस ट्रक हाकणाऱ्या माणसासाठी जे आता चैनीचं मानलं जात नाही, ते तुमच्या सासूबाईंसाठी चैनीचं कसं?

तरी मला उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याची जास्त काळजी आहे, कारण तुम्ही ओंकारेश्वरचं लिहिलंत.

बऱ्याच वर्षांपूर्वी मीही असाच सल्ला ऐकून माझ्या जुन्या गाडीचा एसी काढून टाकला होता. श्रावणातला सोमवार होता. ओंकारेश्वरहून परतताना चोरल सोडलं आणि भेरूघाट चढायला लागलो तोच पावसानं धरलं. गाडीत आम्ही चौघं, सगळ्यांचे कपडे ओले, मागे सासूबाई ओल्या लुगड्यात. काचा वर केल्या आणि दोन वळणांत पुढची काच आतून दुधासारखी पांढरी झाली. मी रुमालानं पुसायचो, हात स्टिअरिंगवर परत यायच्या आत ती परत पांढरी. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या काचेवर नुसते फासल्यासारखे पसरले, ट्रक कुठे आणि दरी कुठे काही कळेना. कडेला थोडी रुंद जागा दिसली तिथे गाडी घातली, चारही काचा खाली केल्या आणि पाऊस अंगावर घेत अर्धा तास बसून राहिलो. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवून बसल्या होत्या. तो हात मला अजून आठवतो.

चौघांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ पावसानं गार झालेल्या काचेवर दंव होऊन बसते. एसीची कूलिंग कॉइल काचेपेक्षाही गार असते, म्हणून तीच वाफ आधी कॉइलवर पाणी होऊन गळते. एसी लावल्यावर गाडीखाली टपटप पाणी पडतं ना, ते हेच. एसी हवा गार करता करता ती कोरडीही करतो, आणि घाटात जीव वाचवणारी गोष्ट ती कोरडी हवा आहे. एसी नसेल तर काचा आतून स्वच्छ ठेवा, कारण तेलकट काचेवर वाफ लवकर धरते. हवेची खिट्टी नेहमी बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवा, हीटर थोडा उघडून ब्लोअरचा झोत काचेकडे वळवा, दोन काचा बोटभर खाली. हीटरला एसी लागत नाही, तो इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. काच निवळते, पण गाडीत उकडून निघतं आणि पाऊस आत येतो. एकट्या माणसानं राजवाड्यापर्यंत जायला हे चालेल. वयस्कर माणसं बसवून भेरूघाट चढायला नाही.

आता दिरांचा पंप. यात गंमत अशी आहे की कॉम्प्रेसर आतून जाम असेल तर तो त्यांच्या उपयोगाचा नाही, आणि जाम नसेल तर तो तुमच्या गाडीच्या उपयोगाचा आहे. तरीही त्यांची कल्पना मी उडवून लावणार नाही. असे पंप लोक करतात आणि ते चालतात. फक्त या कॉम्प्रेसरचं वंगण वेगळ्या तऱ्हेनं होतं. आजच्या बहुतेक गाड्यांच्या कॉम्प्रेसरला इंजिनसारखी तेलाची टाकी नसते. तेल गॅसमध्ये मिसळून पूर्ण फेरी मारतं आणि परत येतं. हवा ओढायला लावली की ते तेल हवेबरोबर बाहेर जातं ते परत येतच नाही. आतले दट्टे काही तासांत कोरडे पडतात, आणि दिरांच्या साफ करायच्या कामावर तेलाचा फवारा बसतो तो वेगळाच. म्हणजे आत येणाऱ्या हवेत थेंब-थेंब तेल सोडायची सोय, बाहेर जाणाऱ्या हवेतलं तेल अडवणारा सेपरेटर, हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह, दाब ठरावीक झाला की मोटर बंद करणारा स्विच, आणि तो स्विच अडकला तर आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, हे सगळं लागतं. यातलं शेवटचं वगळायची हिंमत त्यांना करू देऊ नका. टाकी म्हणून जुना गॅस सिलिंडर तर मुळीच नको. दाबासाठी बनवलेली आणि पाणी भरून दाब देऊन तपासलेली टाकीच हवी, कारण हवा भरलेली टाकी फुटली तर बॉम्बसारखी फुटते. एवढा खर्च मांडून बघितला की सेकंडहँड पण तयार एअर कॉम्प्रेसर स्वस्त पडतो, असं त्यांना माझ्याकडून सांगा. आणि एसी कधी काढलाच, तर कंडेन्सरचा पंखा त्यांनी जरूर न्यावा. बारा व्होल्टचा आहे, दहा-बारा अँपिअर देणारा पुरवठा जोडला की वर्कशॉपमधला धूर बाहेर टाकायला छान चालतो. पण तो पंखा तुमच्या रेडिएटरलाही वारा देत नाही ना, हे आधी बघायचं.

राहिला प्रश्न काढायचाच झाला तर कसा. कंडेन्सर सडलाय, कॉइल गळतेय, आणि गाडी आता वर्ष-दीड वर्षच ठेवायची आहे, अशा वेळी काढणं मलाही पटतं. पण गल्लीत बसून पाइप कापून नाही. हे मी जरा रागानंच लिहितो आहे, कारण मी तसं होताना पाहिलं आहे. मेकॅनिकनं व्हॉल्व्हचं झाकण काढून आतली पिन पेचकसानं दाबली, फुस्स करून तेलाचा फवारा उडाला, पाइपावर पांढरं बर्फ धरलं, आणि त्याच्या दोन बोटांची कातडी पांढरी पडली. तुमच्या गाडीत आर-१३४ए नावाचा गॅस असणार. तो मोकळा सुटला की उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. इंजिन बंद असतानाही, चाळीस अंशांच्या उन्हात, त्या पाइपांत टायरच्या चौपट दाब असतो. त्यात कुणी गॅस-कटर चालवला, तर ज्वाळेत सापडलेल्या गॅसची विषारी, आम्लधारी वाफ होते. बिडीसुद्धा जवळ नको.

आणि हवेत गेलेला गॅस कुठे जातो? जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा. त्यानं ओझोनच्या थराला भोकं पाडली, म्हणून १९८७ चा माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात आला आणि तो गॅस बाजारातून गेला. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरला जातो. तुमच्या गाडीत साधारण अर्धा किलो गॅस धरला, तर एका फुस्समध्ये सातशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. तेवढा धूर व्हायला तीनशे लिटर पेट्रोल जाळावं लागतं. तुमच्या मुलाला हा हिशेब जरूर करून दाखवा.

म्हणून रिकव्हरी मशीन असलेल्या दुकानातच जा आणि दारातच विचारा, ‘गॅस मशीनमध्ये ओढून घेणार की हवेत सोडणार?’ ज्याच्याकडे मशीन आहे तो किती ग्रॅम निघाला ते काट्यावर दाखवतो. त्यानंतरचं काम साधं आहे. बॅटरीची ऋण वायर आधी काढायची. ॲल्युमिनियमचे पाइप दोन पान्यांनी सोडवायचे, एकानं धरून, दुसऱ्यानं फिरवून, नाहीतर पाइप पिळवटतो. कॉम्प्रेसर पाच-सहा किलोंचा असतो, शेवटचा बोल्ट काढताना खालून हात हवा. डॅशबोर्डमधली कॉइल गळत नसेल तर तिथेच राहू द्या, तिच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उघडला तर पुढे दहा ठिकाणी खडखड वाजतो. पण इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात पाइपांची भोकं उरतील ती रबरानं घट्ट बंद करून घ्या, नाहीतर इंजिनचा धूर आत येतो. एसीचा रिले काढा, लोंबत्या वायरी बांधा. सगळ्यांसाठी एकच पट्टा असेल तर कमी लांबीचा पट्टा किंवा मधली आयडलर पुली लागेल, ती हाताशी असल्याशिवाय काम सुरूच करू देऊ नका. शेवटी गाडी उभ्या जागी वीस मिनिटं चालू ठेवून तापमानाचा काटा बघा.

पण ताई, हे सगळं नंतरचं. इंदूरला पाऊस यायला अजून थोडे दिवस आहेत, तेवढ्यात पट्टा उतरवून पुली एकदा हातानं फिरवून बघा. खरखर आली की नाही, आणि मधली चकती हलली की नाही, या दोनच गोष्टी मला लिहून पाठवा. मग मेकॅनिकला पुढे काय सांगायचं ते मी नेमकं लिहून देतो.